पॉलिश न केलेली टाकी
महाळुंग्याच्या गॅरेजवाल्या काकांचे माझ्यावर उपकार आहेत; जळक्या क्लच प्लेटचा वास आला की त्यांचं पत्र्याचं गॅरेज आठवतं. नववीत शाळा सुटली; अठरा पूर्ण झाल्यावर लातूरकडून इकडे कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आलो तेव्हा सोबत वडिलांची जुनी मोटारसायकल होती. शिफ्टमधल्या पोरांनी तिचंच नवं, डिजिटल मीटरचं मॉडेल घेतलं होतं आणि माझी मी पार्किंगच्या कोपऱ्यात लपवून लावायचो. शेवटी जुनी देऊन नवी हप्त्यावर घ्यायचं ठरवलं, आणि किंमत बरी यावी म्हणून टाकीला पॉलिश मारायला काकांकडे गेलो. त्यांनी फडकं हातात घेतलं आणि विचारलं, “ठेकेदाराकडं हायेस न्हवं? मग तुझा ब्रेक कुठल्या महिन्यात?” सात महिने भरले की ठेकेदार आम्हाला घरी बसवतो, परत बोलावलं तर बोलावलं; यालाच आम्ही ब्रेक म्हणतो. नव्या गाडीच्या नादात ते मी साफ विसरलो होतो. “पुढच्या,” मी म्हणालो. “मग हप्ता काय तुझा डिजिटल मीटर भरंल व्हय? जा, न्हाई मारत पॉलिश.” रागारागात निघालो, पण गाडी शोरूमकडे वळवली नाही. ब्रेक मिळाला आणि परत बोलावणं आलंच नाही. चार महिने त्याच गाडीवर पार्सलं वाटून पोट भरलं. घरी मात्र कंपनी चालू आहे असंच सांगायचो. आज ठेकेदार दुसरा आहे, ब्रेकची धास्ती तीच. काकांना मोतीबिंदूमुळे आता नट दिसत नाहीत, गॅरेज बंद असतं. एक सुट्टी मंजूर होऊ दे, याच गाडीवर मागे बसवून त्यांना पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेईन.