मागच्या दारातली राख

मला चहा अर्धाच द्या. का, ते सांगतो. पण आमच्या हिच्यासमोर हसू नका, तिला भलताच जोर चढतो!

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. मी निपाणीला तंबाखूच्या धंद्यात. त्या साली माल घरातच रचलेला, आणि मला रोज रात्री जाग यायला लागली. एकदा नव्हे, चार-चारदा! माणूस काय उगाच जागा होतो? कुणीतरी कडी हलवली असणार!

"अवो, ढेकणं चावत असतील," बायको म्हणाली.

"ढेकूण कडी वाजवतोय व्हय?"

"मग वय झालं तुमचं."

"वयाचं काय काढतीस? चोर हाय!"

संशय शेजारच्या भरमूवर. दोन दिवस तो माझ्याकडं बघून हसत होता. शेजारी विनाकारण हसतो का?

पहारा द्यायचा ठरवला. झोप येऊ नये म्हणून निजताना तांब्याभर चहा! तरी डोळा लागायचाच, पण जाग आता सात-सातदा. चोर सोकावला होता.

शेवटी मागच्या दारात चुलीतली राख पसरली. सकाळी बघतो तर पावलंच पावलं, आणि गेलेली थेट भरमूच्या मेंदीच्या हिरव्या कुंपणाकडं!

मी आळी गोळा केली. "भरम्या, माझ्या घरात शिरतोस?"

भरमू पांढराफटक पडला. त्याच दिवशी त्याच्या लेकीला बघायला चिकोडीचे पाहुणे येणार होते. चोराची लेक कोण करून घेणार?

"अण्णा, देवाशपथ, मी न्हाय," त्याचा आवाज कापत होता. मला वाटलं, सापडल्यावर सगळेच कापतात.

गावचा राखणदार यल्लाप्पा माग काढण्यात पटाईत. त्यानं भरमूचा पाय राखेतल्या पावलावर ठेवून बघितला. "ह्यो न्हाय. अन् चोर आतनं भाईर गेलाय. परत आत आलाय. लई येळा!"

"आतनं?"

तो कुंपणापर्यंत गेला, वाकला, आणि नाक दाबून उभा राहिला.

"मालक, जरा तुमचा पाय ठेवा बगू."

ठेवला. चपखल बसला!

आता तुम्हीच सांगा, रात्री अर्धवट झोपेत 'तेवढ्यासाठी' कुंपणाशी जाणारा माणूस स्वतःची पावलं मोजतो का? घरचा मालक म्हणजे काय चोर?

आळी हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरमूचे हात धरून माफी मागितली. त्या भल्या माणसानं मला पाहुण्यांच्या पंगतीला बसवलं. लग्न ठरलं, चहा आला. मी कपाला हात घातला, तेवढ्यात भरमू सगळ्यांदेखत ओरडला,

"अण्णास्नी च्या नगं रं! कुंपण वाळाय लागलंय आमचं!"