बाईचा हात एवढा वाजतो होय?

दुपारचं जेवण अंगावर आलंय. संग्रहालयाच्या छोट्या थिएटरात अंधार आहे आणि पडद्यावर मूकपट चाललाय. माणसं ओठ हलवतात, आवाज येत नाही. माझे डोळे मिटतात, दचकून उघडतात, पुन्हा मिटतात.

डोक्यात सकाळचंच घोळतंय. चित्रपटातला आवाज शिकायला आम्ही पंधरावीस जण पुण्यात आलोय. शिकवणारे दिघेसर म्हणाले, "पावलं, दारं, भांडी, हे सगळे आवाज नंतर स्टुडिओत काढून चित्राला जोडायचे. आपल्याकडे हे काम पुरुषांचं. बायका त्यात नव्हत्याच."

मी हात वर करून उभी राहिले. "सर, माझी मावशी कोल्हापुरात हेच करायची. मालन सरनाईक."

"कुठल्या चित्रपटाला नाव लागलंय त्यांचं?" सर हसले. "घरच्या गप्पांना इतिहास म्हणत नाहीत."

सगळेच हसले. मी खाली बसले.

शेजारची खुर्ची करकरते.

"आणि तू बसलीस गप?" मालनमावशी विचारते.

तिला शेवटची साडी मीच नेसवली होती. त्याच साडीचा पदर खोचून ती बसलीय.

"मावशी, तू गेलीस ना?"

"गेलो की. म्हणून काय झालं?" कोल्हापूरच्या बायकांसारखी ती कायम 'गेलो, आलो' असंच बोलायची. "ऊठ."

आम्ही खुर्च्यांच्या रांगेतून निघतो. पायाखाली गालिचा नाही, खडी आहे. चार पावलं वाजतात आणि मी तिच्या स्वयंपाकघरात उभी असते. चुलीवर रस्सा रटरटतोय. खिडकीच्या जागी स्टुडिओतली जाड काच आहे, काचेपलीकडे एक गलेलठ्ठ माणूस बसलाय. भिंतीवर पडदा. पडद्यावर सावकाराचा पोरगा एका बाईचा दंड धरतो, ती वळते, हात उगारते, त्याची मान एकीकडे फेकली जाते. आवाजच नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"ही थप्पड माझी," मावशी म्हणते. "नटीनं नुसता हात फिरवला. वाजवली मी."

काचेमागून तो माणूस ओरडतो, "मालनबाई, हलकी काढा! बाईचा हात एवढा वाजतो होय?"

"वाजतो की, मालक. बाहेर येता काय, दाखवतो."

मालक जागचा हलत नाही.

"मग काय झालं?" मी विचारते.

"हलकी काढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, म्हटले. मी होती तशीच काढली. पिक्चर लागलं तेव्हा थेटरातल्या बायका उठून उभ्या ऱ्हायल्या."

"आणि काम?"

"काम गेलं. थप्पड ऱ्हायली. अजून वाजतीया." ती रश्शाखालचा जाळ मागे ओढते आणि माझ्यापुढे तळवा धरते. "मार."

"मोठ्या माणसावर हात कसा उचलू?"

"मेलेल्याला काय लागतंय? मार."

तिच्या बोटात फुलाची अंगठी आहे. ती फूल आतल्या बाजूला फिरवते.

"अंगठी तरी काढ, मला लागेल."

"लागू दे. फूल आत घेतलं की आवाजाला धार येती."

मी मारते. चापट पडते, एवढीशी.

"डास मारतीस काय?" मावशी डोळे वटारते. "सकाळी तुला हसली ती माणसं. तुला न्हाई, मला हसली. मार!"

पडद्यावरची बाई हात उगारते. मीही उगारते. खांद्यापासून.

फाडकन आवाज होतो.

दिवे लागलेत. मी उभी आहे. सगळं थिएटर मागे वळून माझ्याकडे बघतंय.

"काय झालं?" दिघेसर विचारतात.

"थप्पड, सर." माझा आवाज चढतो, मी चढू देते. "मालन सरनाईक अशी काढायच्या. कोल्हापुरात. तुमच्या इतिहासात नसेल तर आज घाला. नाहीतर मी रोज उभी राहून सांगेन."

या वेळी कुणी हसत नाही. सर खिशातून पेन काढतात. "सरनाईक," ते हळूच म्हणतात. "आणि चित्रपट कुठला?"

मी सांगते. खाली न बसता सांगते.

उजव्या हाताची आग होतेय. समोरच्या खुर्चीची पाठ मऊ, कापडी आहे; तिच्यावर हात असा वाजणार नाही. मी मूठ उघडून बघते. बोटांच्या बुडाशी, तळव्यावर, एक लहानसं फूल उमटलंय. पाच पाकळ्यांचं, लालभडक.