तुळजाबाईंनी वेलचेरीतून पाहिलेला ध्रुवीय प्रकाश

नागपुराहून येऊन चेन्नईच्या संशोधनसंस्थेत मी रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी डॉ. तुळजाबाई रावांनी मराठीत विचारलं, "जेवण झालं की नाही हो?" घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, भाषा मराठी, सूर तमिळ. त्या मला फार आवडल्या. हेवा वाटू लागला तो नंतर.

आम्ही दोघंही ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करत होतो. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा शिरते आणि ध्रुवांजवळचं आकाश उजळतं, इथवर सर्वांना ठाऊक होतं. एका नोंदीत मात्र क्षेत्र पुन्हा उत्तरेकडे वळल्यावर प्रकाश भडकला होता.

"उपकरणाचा दोष. वगळू या," मी म्हणालो.

"आत साठलेलं असेल हो," तुळजाबाई म्हणाल्या. "बाहेरचा जोर बदलला, ते सुटलं."

या एका विचारावर त्यांनी पुढे कित्येक वर्षं काम केलं. मीही केलं, त्यांच्या मागून.

नॉर्वेच्या वेधशाळेचं निमंत्रण अर्थातच त्यांना आलं. मी अभिनंदन केलं, पण चेहऱ्यावरचा हेवा लपला नसावा. त्यांच्या घरी आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. "सरी, ठीक आहे, तुम्ही जा," त्या म्हणाल्या, आणि खटपट करून निमंत्रण माझ्या नावे करून घेतलं.

तिथे एका संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर क्षेत्र उत्तरेकडे वळताना दिसलं. मी बाहेर धावलो. हिरवा पट्टा फिकटला. संपलं, असं वाटलं. आणि एकदम सारं आकाश पेटून नाचू लागलं. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "भडकण्याआधी मंद झाला होता का?"

"झाला होता. तुम्हाला कसं कळलं?"

"व्हायलाच हवा होता. किती वेळ?"

तेवढं मी पाहिलंच नव्हतं. आकाशाखाली उभा होतो मी, आणि पाहिलं होतं त्यांनी, चेन्नईत वेलचेरीच्या घरात आईंना औषध देता देता. माझा नुसता जळफळाट झाला. पुढे शोधनिबंधावर त्यांनी आग्रहाने माझं नाव पहिलं घातलं. "डोळ्यांनी पाहिलं तुम्ही," म्हणाल्या. लोक अजून त्याबद्दल माझं कौतुक करतात, आणि त्या शेजारी मनापासून हसत उभ्या असतात.

आता पंच्याहत्तरीत, येत्या हिवाळ्यात, त्या लेकीबरोबर नॉर्वेला निघाल्या आहेत. त्यांना उदंड आयुष्य, ठणठणीत गुडघे आणि निरभ्र आकाश लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. नजर त्यांच्याकडे आहेच. ती माझ्याकडे असती, तर हा लेख त्यांनी माझ्यावर लिहिला असता, आणि त्यात हेव्याचा एक शब्दही नसता.