अक्काच्या रानातले वाफे

वळसंगच्या पुढच्या त्या गावात माझी बदली झाली तेव्हा तिथं निम्मं बोलणं कानडीत चालतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी बार्शीकडची. कृषी सहाय्यक म्हणून तीन गावं माझ्याकडे आली होती, त्यातलं हे सगळ्यात लांबचं. पहिल्या बैठकीत महादेवाच्या देवळासमोर मी अर्धा तास बोलले. माणसं माना हलवत होती, म्हणून मला वाटलं, सगळं पोचतंय. बोलून झालं तशी मागं बसलेली एक बाई उठली. पन्नाशीची, कपाळावर विभूती, पदर कमरेला खोचलेला.

"बोललीस चांगलं," ती म्हणाली. "पण आमचं रान बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं.

"मग आदी रान बघ की. मग बोल."

तशीच उन्हातून ती मला तिच्या रानात घेऊन गेली. नवरा सोलापुरात भवानी पेठेत एका दुकानावर कामाला होता, आठवड्यातून एकदा यायचा. शेती हीच बघायची. रान काळं, पण उताराचं. पावसाळ्यात ते रिकामं ठेवायचं आणि पाऊस सरताना ज्वारी पेरायची, अशी तिथली रीत. ती ज्वारीला जोळा म्हणायची.

"हितं पाऊस येतो आन् जातो," ती उताराकडं हात करून म्हणाली. "थांबत न्हाय."

मला आनंदच झाला, कारण मी अर्धा तास तेच सांगत होते. रिकाम्या रानात उताराला आडवे लहान लहान बांध घालायचे, रानाचे वाफे पाडायचे. पडलेलं पाणी त्या त्या वाफ्यात मुरतं. पेरणीच्या आधी वाफे मोडायचे आणि मुरलेल्या ओलीवर ज्वारी काढायची. ते मी तिला पुन्हा समजावलं, या वेळी काटकीनं मातीत रेघा ओढून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "निम्म्यात तुजं, निम्म्यात माजं. बगू कुनाचं खरं हुतंय."

त्या वर्षी पाऊस कमी झाला. थंडीत एक दिवस तिचा फोन आला. "ये, बगून जा." एवढंच बोलली. मी गेले. मधल्या बांधाच्या एका अंगाला पानं वाळून करडी पडली होती, कणसं बोटाएवढी. दुसऱ्या अंगाला, जिथं वाफे पाडले होते तिथं, ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, कणसं दाण्यानं भरून वाकलेली. मी कितीतरी वेळ त्या ज्वारीत उभी राहिले. तोपर्यंत मी जे काही सांगत आले होते ते पुस्तकातलं होतं. ते असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"बा तंगी, कुंद्रु," तिनं हाक मारली. ये, बस. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या दिवसापासून मी तिची तंगी झाले आणि ती माझी अक्का. बांधावर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. "खरं तुजं झालं," ती म्हणाली, आणि लगेच, "एका वर्साचं."

पुढच्या उन्हाळ्यात लोक आपणहून मला विचारायला लागले. वाफे पाडले जात होते तेव्हा मी रोज गावात होते. मोटरसायकलवरून जाताना कुणीतरी हात करून थांबवायचं, बांधाची उंची दाखवायचं. त्या दिवसांत मला घरी परतावंसं वाटायचं नाही.

आणि त्या वर्षी पाऊस थांबेचना. पेरणीच्या ऐन तोंडावर आभाळ रोज फाटत होतं. ज्यांनी वाफे पाडले होते त्यांच्या रानात तळी झाली. उताराची मोकळी रानं उघडिपीच्या दोन दिवसांत पेरण्याजोगी व्हायची. वाफ्यांच्या रानात पाय घातला तर गुडघाभर चिखल. मी पोचले तेव्हा अक्का एकटीच खोऱ्यानं बांध फोडत होती. तिनं वर बघितलं आणि दुसरं खोरं माझ्याकडं सरकवलं. दुपारपर्यंत आम्ही दोघी बांध फोडत होतो. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जायचं आणि तिथंच बसायचं. बाहेर जायला त्याला वाटच नव्हती.

संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. एकजण मला म्हणाला, "मेडम, तुमच्या कागदावर पाऊस मोजून पडतो काय?"

अक्का मधी पडली. "पाऊस हिनं पाडला काय रं?"

माणसं हळूहळू पांगली. मग तिनं मला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "चूक तुजीच हाय, तंगी. पानी आत घ्यायचं सांगितलंस. भायेर काडायचं सांगितलं न्हाईस."

खरं होतं. पाणी जास्त झालं तर बांधाला सांड ठेवायची, तिथून जादा पाणी बाहेर काढायचं, हे मला ठाऊक होतं. कमी पावसाच्या मुलखात ते सांगायची गरज वाटली नव्हती. त्या हंगामात बऱ्याच जणांची पेरणी महिनाभर मागं पडली आणि पीक निम्म्यावर आलं. मी अहवालात ते सविस्तर लिहिलं. वरून निरोप आला, की नमुन्यात फक्त सहभागी शेतकऱ्यांची संख्या आणि फोटो पाहिजेत. मी संख्या आणि फोटो पाठवले.

त्यानंतर मी गावात कमी जायला लागले. कामं होती, हेही खरं. पण मला लाज वाटत होती. सल्ले मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचे. अक्काचा फोन यायचा, "कुटं हाईस? ऊटा आतेनु?" जेवलीस का, असं विचारायची. रागाचा एक शब्द नाही. पुढच्या वर्षी तिनं सगळ्या रानात वाफे पाडले आणि प्रत्येक बांधाला दगड लावून सांड ठेवली, असं तीच फोनवर म्हणाली. "येऊन बग की." येते म्हणाले. तेवढ्यात जिल्ह्याच्या कार्यालयात माझी बदली झाली आणि ते बघायचं राहूनच गेलं.

आता मी सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर संगणकासमोर बसते. शेतकऱ्यांचे फोन इथंही येतात. साइट उघडत नाही, ओटीपी येत नाही, आधार जुळत नाही. मी उत्तरं देते, बरोबर देते. पण 'आदी रान बघ' असं म्हणणारं कुणी नाही. पाऊस लागला की मी खिडकीशी जाते, आणि खाली गाड्यांच्या गर्दीत मला दगडाच्या सांडीतून जाणारं, मी कधीच न बघितलेलं पाणी दिसत राहतं.

गेल्या हिवाळ्यात अक्कलकोटला कामासाठी जाताना न राहवून मी गाडी गावाकडं वळवली. रान ओळखूच येईना. दुरून पाइपलाइन आणून अक्काच्या आता हाताशी आलेल्या मुलानं सगळीकडं ऊस लावला होता. बांध नाहीत, सांडी नाहीत, ज्वारीचं ताट औषधालाही नाही. अक्का उसाच्या कडेला उभी होती, थोडी वाकलेली.

"जोळा आता बाजारातनं आनतो," ती म्हणाली. "पोराचं बी खरं हाय. पैसा दिसतो ह्यात. पन मला पलीकडचं रान दिसत न्हाय, तंगी. जीव गुदमरतो."

आम्ही दोघी उसाच्या सावलीत बसलो. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "ह्याला पानी लई लागतं. कमी कसं करायचं, सांग की." मी ठिबकचं सांगायला लागले. ती मध्येच अडवून म्हणाली, "आन् उंदरानं नळी कुरतडली तर?" मी थांबले. मग त्यावर काय करायचं तेही सांगितलं, आणि तिनं पुढचा प्रश्न काढला. अक्कलकोटला पोचायला मला फार उशीर झाला.

घरी आल्यावर मी पुन्हा गावपातळीवर काम मिळावं म्हणून अर्ज केला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "लोक खालून वर यायला धडपडतात, तुम्ही उलट?" म्हणाले. अर्ज अजून वरच आहे. परवा अक्काला फोन करून तसं सांगितलं. ती हसली, म्हणाली, "अर्जाचं काय घिऊन बसलीस? रविवारी सुट्टी असती न्हवं तुला?"