फळ्यामागचे मामा

मैदानाला निम्मा वळसा घालून झाला तरी मामा काही फाटकाकडे वळेनात, तेव्हा भाचीच्या लक्षात आलं की हे चालणं साधं नाही. घरापासून क्लबच्या दारापर्यंत सरळ रस्त्याने गेलं तर तोंडातली सुपारी संपायच्या आत माणूस पोचतो. पण मामांनी तिला आधी लाकडाच्या वखारीकडून नेलं, मग नाल्याच्या काठाने, आणि आता "इकडून सावली आहे" म्हणत मैदानाच्या मागच्या भिंतीला लागून. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. सावली सगळीकडेच होती.

"मामा, सभा सुरू होईल हं."

"होऊ दे की. माझ्यावाचून अडतंय होय?"

"अडतंय म्हणजे काय! तुमच्यासाठीच तर सगळे जमलेत. पेनल्टीकाका सकाळपासून दोनदा येऊन गेले. मामा बोलणार ना, मामा बोलणार ना."

भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप मामांनी उगीचच बोटाने हलवून पाहिलं आणि पुढे चालू लागले.

प्रश्न असा होता, की फुटबॉल क्लबने आपलं मैदान वाढवावं की नाही. तिन्ही बाजूंचे मातीचे उतार, ज्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या उभं राहून मॅच बघत आले, ते काढून तिथे पायऱ्यांची, खुर्च्यांची, छपराची नवी गॅलरी बांधावी असं अध्यक्षांचं म्हणणं. त्यासाठी आज सभासदांनी हात वर करून कौल द्यायचा होता. आणि उत्तरेकडचा उतार गेला की त्यावरचा गोल दाखवायचा जुना फळाही जाणार होता. तो फळा म्हणजेच मामा.

तसे मामा धंद्याने रंगारी. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची, आणि अक्षर असं की दुकान बुडालं तरी पाटी उतरवायला मालकाचा जीव होत नसे. तरुणपणी क्लबने फळ्यासाठी पत्र्याचे आकडे रंगवून घेतले. आकडे वाळले नव्हते, म्हणून पहिल्या मॅचला लावायलाही तेच गेले. "आजच्यापुरतं बघा," असं तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले होते. ते सेक्रेटरी देवाघरी गेले, त्यांच्या मागचेही गेले, मामांचं आजच्यापुरतं काही संपलं नाही.

फळ्याची रचना मोठी मजेशीर. मागून पत्र्याची खोली, जेमतेम एक माणूस उभा राहील अशी. पुढे दोन चौकोनी खिडक्या, एक आपल्या क्लबची, एक पाहुण्यांची. शून्याची पाटीच नव्हती. खिडकी उघडी म्हणजे शून्य. गोल झाला की त्या खिडकीत आतून आकडा अडकवायचा. आता त्या खोलीला बाहेर बघायला दुसरी जागाच नाही. म्हणजे काय, की आपल्या क्लबने गोल केला की मामांचा एक डोळा मिटे, आणि पाहुण्यांनी केला की दुसरा. मग उरलेली मॅच कानाने. चार-तीन, तीन-तीन अशा ज्या रंगलेल्या मॅचच्या गोष्टी लोक अजून सांगतात, त्यातलं मामांनी धड काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी बघितल्या त्या सगळ्या रटाळ मॅच. शून्य-शून्य झाली की सगळं मैदान तोंड वाकडं करून घरी जाई आणि मामा खुशीत शीळ घालत खोलीला कुलूप लावत.

त्यांची एक चूक मात्र अजरामर झाली होती. आपला क्लब एका गोलने पुढे, मामांची एकच खिडकी उरलेली, पाहुण्यांची. शेवटी शेवटी पाहुण्यांच्या एका पोरसवद्या खेळाडूने निम्म्या मैदानातून असा काही चेंडू गोलात मारला की मामा बघतच राहिले. हातात आकडा, पण खिडकी काही मिटवेना. त्यांना वाटे, अजून थोडं बघू, अजून थोडं. लोक फळ्याकडे बघून समजले की पंचांनी गोल दिला नाही. शिट्टी झाली, सगळे जिंकलो जिंकलो करत नाचत घरी गेले, आणि पाहुण्यांचा प्रशिक्षक एक बूट हातात घेऊन उतार चढून मामांकडे आला.

तेव्हापासून मामा म्हणजे निष्ठेचा पुतळा. "आमच्या मामांनी पाहुण्यांचा गोल मानलाच नाही!" मामा प्रत्येकाला खरं काय ते सांगत. "अहो, निष्ठा कसली, मी बघत होतो!" लोक हसून पाठीवर थाप मारत. खरं बोलणाऱ्याचं कोण ऐकतं?

"मामा, काय बोलायचं ठरवलंत?" भाचीने विचारलं. तिने स्वतः पेनल्टीकाकांबरोबर दारोदार फिरून फळा वाचवण्यासाठी सह्या घेतल्या होत्या. सलूनवाल्या काकांना पेनल्टी म्हणत, कारण समोरचा खेळाडू आपल्या खेळाडूजवळ नुसता शिंकला तरी ते उठून "पेनल्टी!" ओरडत. मामांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या सलूनच्या दारावर ठळक पाटी होती, 'फळा वाचवा, मैदान वाचवा'. समोरच क्लबच्या भिंतीवर दुसरी, 'उद्याच्या मैदानासाठी हात वर करा'. दोन्ही मामांनीच रंगवलेल्या. काम आलं की नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि दोन्ही पाट्या रंगवून घेताना कुणीही त्यांना विचारलं नव्हतं, की बाबा, तुला स्वतःला काय वाटतं.

मामा थांबले. भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

"पोरी, मागच्या हंगामात मला ताप आला होता, आठवतं? फळा दुसऱ्याने सांभाळला. मी घरी पडून. मॅचच्या दिवशी घरी असण्याची माझी पहिलीच वेळ. तर तुझी मामी काय करते, स्वयंपाकघराची खिडकी उघडते, ओट्याला टेकून उभी राहते, आणि मला सगळी मॅच सांगते."

"मामी? टीव्हीवर होती का?"

"आपल्या क्लबला कोण टीव्हीवर दाखवतंय! नुसत्या आवाजावरून. हा आता कॉर्नर बघा. हा गोलकीपरच्या हातात गेला. अहो, हा ओरडा आपला नाही, आपला आवाज असा पोटातून येतो. शिव्या तर अशा देत होती, मी पांघरुणात तोंड घातलं."

भाचीला हसू आलं. मामी म्हणजे देवापुढे रोज दिवा लावणारी, कुणाला अरे म्हणून न बोलणारी बाई.

"लग्न होऊन आली तेव्हा एकदा घेऊन गेलो होतो तिला. उतारावर उभं राहायचं, बसायला धड जागा नाही, बायकांची कसलीही सोय नाही. पाऊस आला, पाय घसरला. मग मुलं, मग गुडघे. राहूनच गेलं. आता तर तो उतार तिला चढवत नाही." मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "नवरा फळ्याच्या मागे, बायको भिंतीच्या मागे. दोघं क्लबवेडे, आणि घरात धड मॅच बघितलेलं कुणी नाही. त्या दिवशी मॅच संपल्यावर मला विचारते, अहो, गवत पार त्या टोकापर्यंत हिरवं असतं का हो? आणि मला सांगता येईना. मला आपलं खिडकीएवढं हिरवं माहीत."

सह्या घेताना भाची प्रत्येक दारात सांगत आली होती, आमच्या मामांचा जीव आहे हो त्या फळ्यात.

"म्हणजे तुम्ही..."

"फळ्यात जीव आहेच. खोटं कशाला बोलू? पण पेनल्टीला कसं सांगू? मला तोंडघशी पाडलंस म्हणेल. वस्तरा त्याच्या हातात असतो रोज."

"मामा, मला तरी आधी सांगायचं."

"तू विचारलंस?"

तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मामांच्या कोपराला धरलं. "चला. उशीर झालाय."

सभा क्लबच्या लांबट खोलीत होती. बूट ठेवायच्या फळ्यांवरही माणसं बसली होती आणि खोलीला ओल्या मोज्यांचा वास येत होता. पेनल्टीकाका उभं राहून बोलत होते, आणि खरं सांगायचं तर छान बोलत होते.

"आपला गोलकीपर उतारावरच्या माणसाला नावाने ओळखतो. तुम्ही हाक मारा, तो मान वळवतो. घर वाढवलं की माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायची विसरतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत!"

"मी अंथरूणच मोठं घेऊ म्हणतोय," अध्यक्ष म्हणाले. "प्रत्येक मॅचला फाटकातून लोक परत जातात, त्यांचे पाय कुठे पसरायचे?"

"मोठं अंथरूण घेतलं आणि झोपायला कुणी आलंच नाही तर? क्लब हरायला लागला की तुमच्या रिकाम्या खुर्च्यांवर कावळे बसतील!"

यावर हशा आणि टाळ्या. मग काकांनी मामांकडे हात केला. "हा बघा आला आमचा निष्ठावंत. बोल रे. सांग यांना."

मामा उभे राहिले. बोटांना निळा रंग लागलेला होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने झाकला. सभेत बोलायची सवय नाही. सुरुवात झाली ती खोकल्याने.

"मी काय सांगणार. फळा चांगला आहे. पत्रा जरा गंजलाय."

"सांग, सांग!" मागून कुणीतरी.

"तो गेला तर मला वाईट वाटेल. कावळे बसतील हेही खरं असेल. पेनल्टी बोलला त्यातलं सगळं मला पटतं." ते थांबले. "पण आमची मंडळी मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहते, आणि लग्न होऊन आली तेव्हाची एक सोडली तर तिने एकही मॅच बघितली नाही. तिला बसायला खुर्ची पाहिजे. पायरीला कठडा पाहिजे. तिच्यासारख्या किती घरात असतील, मला माहीत नाही. मी आजवर मागेच उभा होतो, मला काय दिसणार? तेव्हा माझा हात वर."

आणि खरोखरच त्यांनी निळा हात तिथल्या तिथे वर केला. कौल अजून कुणी मागितलाही नव्हता.

पेनल्टीकाका लाल झाले.

"अरे, मग मला मामा बनवलंस की!"

"मामा मी आहे. तू कशाला होतोस?"

पहिल्यांदा अध्यक्षच हसले, मग बाकीचे. काका मात्र हसले नाहीत. कौल झाला तेव्हा त्यांचा हात खालीच होता, पण आजूबाजूचे बरेच वर गेले. एकेकाने वर करताना बायकोचा, आईचा चेहरा आठवला असेल, देव जाणे. भाची सभासद नव्हती. असती तर आपण काय केलं असतं, हे तिचं तिलाच सांगता येईना. ठराव पास झाला.

बाहेर पडताना काका दारात आडवे उभे.

"माझ्या दुकानावरची पाटी आता तूच पुसायची."

"राहू दे की. अक्षर चांगलं आलंय."

"लोक हसतील मला."

"मग पुसतो. उद्या दाढी करशील ना?"

"करीन. बिनपाण्याने करीन." आणि जाता जाता मागे वळून, ओरडूनच, "आणि वहिनीला सांग, उतारावर उभं राहता आलं नाही, हे तिने मला एकदा तरी सांगायचं होतं! पाठीवर बसवून नेली असती!"

"तुझी पाठ बघितलीस का?" मामा म्हणाले, पण तोवर काका वळणाआड गेले होते.

घरी जाताना मामांनी सरळ रस्ता धरला. पाऊस येणार म्हणून पलीकडे वखारीवाले लाकूड झाकायला धावताना दिसत होते. मामा हळू चालत होते, आणि भाची त्यांच्या चालीने. मग मामांनी सहज विचारावं तसं विचारलं, "गॅलरी बांधायला किती दिवस लागतील गं?"

"अध्यक्ष म्हणाले, दोन-तीन वर्षं. म्हणजे चार धरा."

"चार." मामांनी मान हलवली. "माझं वय बघता चार म्हणजे जरा लांबचंच."

"असं काय बोलता?"

"अगं, हिशोबाने बोलतोय, रडत नाही. वरच्याने ठेवलं तर आहेच. पण समज, नाही जमलं माझं. तर तू तिला घेऊन जायचं. मधली खुर्ची बघ, दोन्ही गोल दिसतील अशी. आधी नको म्हणेल, कपडे धुवायचेत म्हणेल, ते ऐकायचं नाही. आणि शेजारी बसून तिला खेळ समजावून सांगू नकोस, तिला सगळा कळतो. ती शिव्या देईल तेव्हा तेवढं इकडेतिकडे बघायचं, लाजवायचं नाही तिला. एवढं करशील ना पोरी?"