गरीब लाटेच्या शोधात

माझी सून आठवड्याची रजा काढून पुण्याहून आली, ती गाडीच्या टपावर एक लांबलचक फळी बांधून. मऊ फोमची, आकाशी रंगाची, माझ्या दीडपट उंच. सर्फिंगची. ऑफिसच्या सहलीत कुठेतरी दक्षिणेला सगळ्यांनी सर्फिंग केलं, सगळे उभे राहिले, ही एकटी पडली. पडली म्हणजे पडतच राहिली. तेव्हापासून माझा लेक आल्यागेल्याला ती गोष्ट सांगतो आणि शेवटी सतरंजीवर पालथा पडून दाखवतो.

"आई, एकदा उभी राहिले ना, की झालं," ती म्हणाली. "या आठवड्यात नाही जमलं तर फळी देऊन टाकणार."

मला तिचं दुखणं लगेच कळलं. माझीही अशीच एक गोष्ट या घरात वर्षानुवर्षं चालली. मी घाटावरची. लग्न होऊन चौलला आले तेव्हा दुपारी समुद्र बघितला, तर पाणी पार तिकडे क्षितिजाला टेकलेलं. एवढं ऐसपैस अंगण बघून आमच्या नव्या नवरीबाई, म्हणजे मीच, हरखल्या. पाहुण्यांच्या गाद्यांना ऊन द्यायचं होतं, त्या उचलून नेल्या आणि वाळूवर ओळीनं पसरल्या. जरा डोळा लागला. उठून बघते तर गाद्या पोहतायत. मी "पूर आला, पूर आला" करत अख्खी आळी गोळा केली. यजमानांनी ती गोष्ट पुढे एकाही पाहुण्याला चुकवली नाही. चहाआधी गाद्या, मग चहा.

त्यानंतर सासूबाईंनी मला हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. माझे उपास बरेचसे तिथी लक्षात राहावी म्हणूनच असतात, पुण्य मिळतं ते वरकड. हे शिकल्यावर मी इतकी शेफारले, की इथे जन्मलेल्या बायकांना नाक वर करून भरतीच्या वेळा सांगायचे. त्यांनी मला पाण्यात कशी ढकलली नाही, देव जाणे.

तेच नाक घेऊन मी सुनेची गुरू झाले. त्या दिवशी पौर्णिमा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, त्याचा चौथा हिस्सा सव्वाअकरा. बरोबर सव्वाअकराला तिला आमच्या किनाऱ्यावर उभं केलं. हिशेब अचूक होता, अक्कल तेवढी घरी राहिली होती. पौर्णिमेचं उधाण. पाणी थेट सुरूच्या झाडांखालच्या उतारावर येऊन आपटत होतं. लाट फुटायची, फुटली की सून वाळूत, फळी तिच्या डोक्यावर. तिनं तोंडातली वाळू थुंकली आणि म्हणाली, "आई, तुमच्याकडे याहून गरीब लाट नाही का?"

संध्याकाळी ओहोटीला गेलो, तर पाणी इतकं आत, की फळी वाहून नेतानाच दोघींचा दम संपला, आणि पाय पोटरीपर्यंत चिखलात.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिकणाऱ्याला समुद्र तुडुंब नको आणि रिकामाही नको. अर्धा भरलेला हवा आणि भरत येणारा हवा, म्हणजे पाणी माणसाला आत ओढण्याऐवजी काठाकडे आणतं. शिवाय अष्टमीकडे जाता जाता उधाण ओसरतं. आता शोधायची राहिली होती ती जागा.

मग आमची वरात निघाली. थळला होड्याच होड्या. वाळूवर मासळी सुकत घालणाऱ्या एका बाईनं फळीकडे बघून विचारलं, "येवरी फली कशाला गो? मावरा कापाचाय?"

"सून उभी राहणारे त्याच्यावर," मी म्हटलं.

"घरान जागा न्हाय का?" ती म्हणाली. मग हसणं थांबवून तिनं बजावलं, "हिकरं उतरू नका, पान्यान दोर हायेत."

किहीमला झाडी सुंदर, पण आम्ही उतरलो तिथे पाण्याखाली खडक. सुनेचा अंगठा सोलवटला. रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी पाण्याला अशी ओढ, की मी तिला गाडीतून उतरूच दिलं नाही. अखेर आक्षी आणि नागावच्या मधला एक तुकडा सापडला. नेमका कुठला ते सांगणार नाही, गर्दी होईल. घट्ट सपाट वाळू, दगड नाही, बोट नाही, आणि लाट म्हणजे गुडघ्याएवढी फेसाची सरळ रेघ.

षष्ठी होती. भरती साडेचारची, म्हणून आम्ही दोनलाच पाण्यात. मी सलवार खोचून कमरेइतक्या पाण्यात फळीची शेपटी धरून उभी, सून फळीवर पालथी. लाटा मी निवडायच्या, बाजारात वांगी निवडते तशा. ही नको, किडकी आहे. ही फार टपोरी. हं, ही.

पहिल्या खेपेला ती गुडघ्यांवरून घसरली. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला उठायच्या आधीच आडवी.

"जरा थांबूया," ती म्हणाली. चेहरा पडलेला. "बहुतेक माझ्यातच खोट आहे."

मागून बरी लाट येत होती. मी न सांगताच ढकललं.

भांडायला म्हणून ती उठली असावी. पण उठली. गुडघे वाकलेले, बूड मागे, पाटावर बसायला निघालेल्या माणसासारखी. लाट तिला संथपणे घेऊन गेली, घोट्याएवढ्या पाण्यात फळी वाळूला टेकली आणि एसटीतून उतरावं तशी ती उतरली. मग फळी ओढत परत आली. "अजून एक."

संध्याकाळी लेकाचा फोन आला. "उभी राहिली? फोटो कुठाय?"

"फोटो कोण काढणार? माझ्या दोन्ही हातांत फळी होती."

"मग मी लोकांना सांगू काय, आई?"

फोन स्पीकरवर होता. सून अंगणात नळाखाली फळी धूत होती, तिथूनच म्हणाली, "तू काहीच सांगू नकोस. पुढच्या शनिवारी इथे ये आणि पड. पाहुण्यांना मी सांगते."