रुसलेला वीर आमच्याच ओट्यावर

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

सकाळी डहाणू रोडला कॉलेजात ग्रीक महाकाव्यातला वीर शिकवत होते. राजाने त्याचं मानाचं बक्षीस काढून घेतलं, म्हणून तो लढाई सोडून तंबूत बसतो. पोरं म्हणाली, "मॅडम, एवढ्यासाठी?" मी तावातावाने सांगितलं, "प्रश्न बक्षिसाचा नाही, मानाचा आहे!"

घरी आले तर आमचे हे ओट्यावर बसलेले. हे बोटीवर तांडेल, यांच्याशिवाय बोट निघत नाही. जाळ्यातलं सगळ्यात मोठं पापलेट यांच्या मानाचं. ते काल मालकाने परस्पर पाहुण्यांना देऊन टाकलं. म्हणून आज बोट किनाऱ्यालाच!

तेवढ्यात दोन खलाशी मालकाकडून दोन पापलेटं घेऊन आले. यांनी परत पाठवली. "मासा नको. त्याने स्वतः यावं."

"अहो, बोट नाही गेली तर या पोरांच्या घरी काय शिजणार?"

"प्रश्न माशाचा नाही." हे मलाच शिकवतात!

तो ग्रीक वीर निदान समजूत काढायला आलेल्यांना स्वतः मांस भाजून वाढतो. आमचा वीर बसल्या जागेवरून म्हणाला, "चहा टाक गं."

सांगा, आता मीच रुसून तंबूत बसले, तर माझी समजूत काढायला कोण येणार?